हाफ पँट वाचली

१८ मे २०२३. तुळजाभवानीच्या देवळात फलक लागला : हाफ पँट, बर्म्युडा, अंगप्रदर्शक कपडे घालून आत यायचं नाही. ओरड झाली आणि त्याच दिवशी फलक उतरला. एवढ्या तातडीनं आपल्या धाराशिवात पीकविम्यालाही दाद मिळत नाही.

हाफ पँटवाल्याला फार तर वात्रट म्हणाले. चोर कुणी म्हणालं नाही. उघड्या गुडघ्यांवरून त्याची जमात कुणी ओळखली नव्हती ना!

पारध्याचं तसं नसतं. १८७१ साली इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याचा कायदा केला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, पण कळंबच्या बाजाराला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. पारधी मळका सदरा घालून आला की बायका पिशवी छातीशी धरतात. म्हणून त्यानं इस्त्रीचा घालावा, तर लगेच कुजबुज, "कुणाचा उचलला रे?" सदरा कुठलाही असो, पंचनामा तोच. (पावती खिशात ठेवायची म्हटलं, तर खिसाही संशयित.)

बरं, भगव्याला तरी सूट? सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू पंढरपूरकडे निघाले होते. जत तालुक्यातल्या लवंग्यात लोकांनी त्यांना पोरं पळवणारी टोळी समजून झोडपलं. ते वाचले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी वाचले नाहीत. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारलं. पोरं पळवणाऱ्यांची अफवा मोबाइलवरून आधीच येऊन बसली होती. परकी माणसं, गरिबाचा वेश, पोटासाठी भिक्षा; बाकी पुरावा कुणी मागितलाच नाही.

तुळजापुरात गळ्यात कवड्यांची माळ आणि कमरेला संबळ दिसला की आपण वाकतो, उदो उदो म्हणतो. तोच गोंधळी एसटीनं चार तालुके ओलांडून अनोळखी गावात उतरला की लोक आधी झोळी उघडायला लावतात.

बर्म्युडावाल्याची बॅग उघडून बघावी, हे त्या फलकाच्या दिवशीही कुणाला सुचलं नसेल.