पक्षी कमी, लेन्स फार

सोलापुरातले माळढोक बोटांवर मोजता येतात. त्यांच्यावर रोखायला निघालेल्या लेन्स मोजायच्या, तर मात्र वनखात्याला स्वतंत्र प्रगणना घ्यावी लागेल.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याचा पसारा ८,००० चौरस किलोमीटरच्या वर होता. पुढे कात्री लागत लागत तो १,२०० च्या घरात आला. लेन्स मात्र दर दिवाळी बोनसला वाढतात. रविवारी पहाटे ही मंडळी लष्करी रंगाचे कपडे घालून माळरानात दडतात आणि मोठमोठ्याने एकमेकांना ‘शांत राहा’ म्हणतात. माळढोक दिसत नाहीच. मग काळवीट टिपायचा आणि खाली लिहायचं : ‘संयमाचं फळ’.

जानेवारीत मोर्चा सिद्धेश्वरांच्या यात्रेकडे वळतो. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो, पांढऱ्या बाराबंदीतला जनसागर लोटतो, नंदीध्वज डुलतात. आमच्या छायाचित्रकाराचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले, त्यामुळे अक्षता टाकायच्या राहून जातात. वर नंदीध्वज पेलणाऱ्यालाच विनंती : ‘काका, जरा थांबा की, उजेड बरोबर येईना!’

हिप्परगा तलावावरच्या पाहुण्या पक्ष्यांनाही तो अशाच सूचना देतो. ते ऐकत नाहीत, उडून जातात. उडतानाचा फोटो हलतो; त्याला ‘कलात्मक’ म्हणतात.

घरी वडिलांना पेन्शनच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो हवा असतो. चिरंजीव लेन्स पुसत सांगतात, ‘चौकातल्या स्टुडिओत जावा. मी पोर्ट्रेट करत नाही.’