ब्लूवाले बाबा

मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाची रांग लागली, की न्यू जर्सीतला एक गृहस्थ हमखास तुमच्या मागे येऊन उभा राहतो. अंगात झब्बा, हातात द्रोण, बाहेर घामाघूम करणारं ऊन. आणि हा खालच्या आवाजात विचारतो, "मग काय, यंदा एपिक की आयकॉन?" नवख्याला वाटतं, विषय इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे. विषय असतो स्कीइंगच्या मोसमी पासांचा. एपिकवर वेल, ब्रेकनरिज, कीस्टोन, पार्क सिटी. आयकॉनवर कॉपर, विंटर पार्क, स्टीमबोट. एपिकचा भाव लेबर डेच्या सुमारास वाढतो आणि बाप्पाही साधारण तेव्हाच येतात, म्हणून ही चौकशी प्रसादाच्या रांगेत. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याची ह्याला मनापासून कीव येते. कारण नंतर बघणारा खिडकीवर तिकीट काढतो, आणि वेलसारख्या ठिकाणी गर्दीच्या मोसमात एका माणसाच्या एका दिवसाचे 300 डॉलरहून जास्त मोजतो.

ह्याचं मूळ गाव सातारा किंवा डोंबिवली. लहानपणी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या रंध्यावर. पायात स्की चढवले ते चाळिशीत, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजमध्ये, मुलांच्या हट्टापायी. मुलं बघता बघता पिझ्झा सोडून फ्रेंच फ्राइजवर गेली. (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग मारायचा तो पिझ्झा, दोन्ही स्की समांतर ठेवून सुटायचं ते फ्राइज. तिथले शिक्षक मुलांना असंच शिकवतात.) बाबा अजून पिझ्झ्यावरच. पण ही गोष्ट ह्याच्या तोंडून वेगळ्या रूपात बाहेर पडते: "आता मुलं ब्लूवर आलीत. त्यांना ईस्ट कोस्ट पुरत नाही. वेस्टला न्यायलाच पाहिजे."

ग्रीन सर्कल सोपा, ब्लू स्क्वेअर मधला, ब्लॅक डायमंड अवघड, एवढं मंडळात सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण हे रंग सगळीकडे सारखे नसतात, हे ज्ञान वाटावं ते ह्यानेच. अमेरिकेत उतारांना रंग नेमून देणारं सरकारी खातं नाही. प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरावरच्या बाकीच्या उतारांशी ताडून रंग ठरवतं. हॉटेलातल्या 'मीडियम तिखट'सारखंच हे. पुणेकराने कोल्हापुरात मीडियम मागवून बघावं. त्यामुळे रिसॉर्टवाले ब्लूचे जे टक्के छापतात, त्यांच्याकडे हा ढुंकूनही बघत नाही. हा नकाशे वाचतो. अमेरिकेतले कितीतरी ट्रेलमॅप जेम्स नीह्यूज या चित्रकाराने हाताने रंगवलेले आहेत. डोंगराच्या सगळ्या बाजू एका कागदावर मावाव्यात म्हणून त्याने डोंगर जरा वळवून, ताणून घेतलेला असतो. हा गृहस्थ रात्री अंथरुणात पडून तो डोंगर परत सरळ करत बसतो.

आणि मग एक्सेल. समुद्रसपाटीपासून उंची, विमानतळापासून अंतर, सगळ्यांत लांब ब्लू किती मैलांचा, स्नोबोर्ड चालतो का, आणि काँडोच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन आहे का. शेवटचा कॉलम हसण्यावारी नेऊ नका. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजतो आणि पायमोज्यांवर अख्खी इमारत पार्किंगमध्ये उभी राहते. बायकोने एकदा ती शीट पाहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की जीनंतर एकदम आय येतो. "अरे, एच कुठे गेला?" "तो फॉर्म्युला आहे," असं म्हणून ह्याने लॅपटॉप मिटला.

डिअर व्हॅली बराच काळ पहिल्या नंबरावर असते. रात्रभर यंत्रं फिरवून गुळगुळीत केलेले उतार, पहाटे त्यांवर कॉर्डुरॉयसारख्या रेघा, सॉल्ट लेकच्या विमानतळापासून तासाच्या आत. मग चिरंजीव जेवताना जाहीर करतात, "मी या वर्षी एक दिवस स्नोबोर्ड करणार." डिअर व्हॅलीत स्नोबोर्डला बंदी. अख्ख्या अमेरिकेत अशी तीनच रिसॉर्टं आणि त्यातलं एक नेमकं हे. ओळ लाल होते. शेजारची पार्क सिटी 7,300 एकरांवर पसरलेली, पायथ्याची गावं दोन. पोरं फ्राइज करत चुकून पलीकडच्या गावात उतरली, तर बाप अलीकडे हाका मारत बसणार. तीही लाल. कॉपर ह्याला मनापासून आवडतं, कारण तिथे निसर्गानेच वर्गवारी करून ठेवली आहे: डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं, की उजवीकडे सोपं, मधे मध्यम, डावीकडे अवघड. पण सोपं एकीकडे आणि मध्यम दुसरीकडे, ही सोय ह्याला मनातून का खुपते, ते तो सांगत नाही. शेवटी शिक्का बसतो कीस्टोनवर. तिथल्याच लॉजमध्ये किमान दोन रात्री राहिलं, तर 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. मुलगी जानेवारीत तेरा वर्षांची होणार, म्हणून ट्रिप डिसेंबरात. डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फ पातळ, बरेच उतार उघडलेलेच नसतात, म्हणून ख्रिसमस. ख्रिसमसला काँडोचे दर असे, की त्यात मुलीची तिकिटं आरामात निघाली असती. हा हिशोब एक्सेलमध्ये नाही.

पुण्याची आजी उन्हाळाभर राहून परत गेलेली असते, त्यामुळे तिचं मत व्हिडिओ कॉलवर येतं. "वर जायला पाळणा आहे ना? मग त्याच पाळण्यात बसून खाली का नाही येत?" ह्यावर ह्याच्याकडे उत्तर नसतं. आजीची दुसरी सूचना मात्र शिरसावंद्य असते: कुकर ने. कीस्टोनचा पायथाच 9,000 फुटांच्या वर. तिथे पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं, आणि नुसत्या पातेल्यात तूरडाळ जन्मात शिजत नाही. तेव्हा नेवार्कच्या विमानतळावर चेक-इन बॅगेत गॉगल, हातमोजे, दशम्या आणि पाच लिटरचा कुकर. शिट्टी मुलीच्या बुटात.

ह्याचा खरा कस लागतो तो रेंटलच्या काउंटरवर. फॉर्मवर उंची, वजन, वय आणि 'स्कीअर टाइप' लिहायचा. टाइप 1 म्हणजे जपून, सावकाश उतरणारा. टाइप 3 म्हणजे वेगाने सुटणारा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटावा, ते बाइंडिंग ह्याच आकड्यांवरून बसवतात. वजन खोटं सांगितलं, तर गुडघा खरं बोलतो. "अगं, खरं वजन लिही, सेफ्टीचा प्रश्न आहे," हे तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात मराठीत म्हणतो. आणि नेमका मागचा माणूस नाशिकचा निघतो. बायको आकडा पौंडांत लिहून फॉर्म उलटा सरकवते. मुलं टाइप 2 वर खूण करतात. हा हाताचा आडोसा करून 1 वर करतो, आणि काउंटरवरचा पोरगा मोठ्यांदा वाचतो, "टाइप वन फॉर डॅड!"

मग लिफ्टने डर्कम माउंटनच्या माथ्यावर. मुलं फोटोपुरती थांबतात आणि ब्लूवरून नाहीशी होतात. हा हातमोजा काढून आभाळाकडे बघतो, चष्मा पुसतो, बुटाचं बकल पुन्हा आवळतो. आणि सगळे पांगले, की 'स्कूलमार्म' अशी हिरवी पाटी असलेल्या वाटेला लागतो. हा ग्रीन माथ्यापासून थेट पायथ्यापर्यंत येतो, साडेतीन मैलांचा. पाऊण तास पिझ्झा. मांड्या भरून येतात, चार वर्षांची पोरं बाजूने सूंऽ करत निघून जातात. पण खाली पोचल्यावर मुलं त्याच लिफ्टच्या रांगेत भेटतात, आणि "बाबा, तू पण टॉपवरून आलास?" ह्या प्रश्नाला ह्याला खरंखुरं 'हो' म्हणता येतं.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, निवड चोख असते. मुलं ब्लूवर आणि आई-बाप ग्रीनवर अशी घराची विभागणी असेल, तर ब्लूचे टक्के मोजण्यात अर्थ नाही. माथ्यावरून एक सोपी वाट खाली येते का, आणि सगळे उतार एकाच लिफ्टपाशी परत येतात का, एवढंच बघावं. डोंगर कितीही मोठा असला आणि ह्यातलं काही नसलं, तर दिवसभर एकमेकांना फोन लावण्यात जातो. तुमचं हे असंच असेल, तर ह्याच्याकडून ती एक्सेल मागून घ्या. तो आनंदाने पाठवेल. फक्त एचचा कॉलम उघडून बघू नका. त्याचं शीर्षक आहे 'माथ्यापासून ग्रीन', आणि त्या कॉलमला गुण सगळ्यांत जास्त आहेत.