पिवळा पट्टा

सचिन तेंडुलकरच्या खांद्याचं ऑपरेशन 2006 साली लंडनला झालं. माझं चेन्नईत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी या दोन बातम्या एका दमात देतो. त्याचा खांदा देशासाठी झिजला आणि माझा माळ्यावरून चकलीचा सोऱ्या काढताना गेला, एवढा तपशील बायको न विचारता पुरवते.

शिवलेला स्नायुबंध हाडाला धरायला साधारण 12 आठवडे लागतात. तोवर जोर वर्ज्य. एक हात टेबलाला टेकून वाकायचं, दुसरा लोंबता सोडायचा आणि अलगद गोल गोल झुलू द्यायचा. या झुलण्याला बोस्टनचे सर्जन कॉडमन यांचं नाव आहे. त्यांनी 1934 मध्ये नुसत्या खांद्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे भिंतीवर बोटांनी चढायचं. एके काळी तालमीत जोर मारलेला मी! घरातली पाल बघत असते.

मग येतात रबरी पट्टे. आमच्या फिजिओकडे पिवळा सगळ्यांत हलका. पुढे लाल, हिरवा, निळा, काळा. चेन्नईच्या आमच्या शोळिंगनल्लूर भागात माणूस आधीच ग्रेडवरून जोखला जातो. ओएमआर या हमरस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत कोण लीड, कोण मॅनेजर, कोण ऑनसाइट जाऊन आला, हे कळल्याशिवाय लिफ्टमध्येही कोणी धड हसत नाही. फिजिओच्या खोलीत तेच. नजर आधी पट्ट्याकडे, मग चेहऱ्याकडे. लालवाले पिवळ्यांची मायेने विचारपूस करतात. निळ्याला आपोआप वाट मिळते. काळा अजून कोणी पाहिलेला नाही. तो बहुधा डायरेक्टर लोकांना घरपोच जात असावा. मी माझा पिवळा शक्यतो मुठीत ठेवतो. लाल संपलेत का, अशी सहज चौकशीही करून झाली. फिजिओ पोरगी म्हणाली, "टॉवेल, सार." काखेत टॉवेलची गुंडाळी, कोपर बरगडीला चिकटलेलं आणि दाराच्या कडीला बांधलेला पट्टा हळूहळू बाहेर ओढायचा. टॉवेल पडला की ते ओढणं धरत नाहीत. माझा पडतो.

शेजारच्या पाटींचा, म्हणजे तमिळ आजींचा, पडत नाही. वय सत्तरीपुढे, पट्टा हिरवा. एवढी मेहनत कशासाठी, असं विचारलं तर त्यांनी हात मानेमागे न्यायचा प्रयत्न केला. अंबाड्याच्या वीतभर अलीकडे तो थांबला. "पू, तंबी." म्हणजे फूल, भाऊ. मोगऱ्याचा गजरा. मुलगी न्यू जर्सीला, शेजारीण माळून देते. "रोज कोणाला सांगायचं?"

मला एकदम माझ्या शर्टाची बटणं आठवली. ऑपरेशनपासून ती बायको लावते आहे. भांग ती पाडते, पायजम्याची नाडीही तीच बांधते. त्याबद्दल ती कोणापाशी चकार शब्द काढत नाही. सगळी चेष्टा सोऱ्यापुरती. आणि मी रंग मोजत बसलो होतो.

परवा पाटींना निळा मिळाला. मी अजून पिवळ्यावरच आहे. वरची दोन बटणं मात्र माझी मी लावतो.