रिमाइंडर लावण्याची सोपी रीत
(प्रथमच लावणाऱ्यांसाठी)

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे, घराला लागूनच. लोकांच्या शेवटच्या तारखा सांभाळणं हा माझा धंदा. त्यासाठी दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी रिमाइंडरचं एक ॲप घेतलं. त्यावर लिहिलं होतं, ‘अवघ्या तीस सेकंदांत रिमाइंडर लावा.’ मला तीन वर्षं लागली. तुमची तेवढी जाऊ नयेत म्हणून ही मार्गदर्शिका.

साहित्य : कॉम्प्युटर एक. नेट, असेल तसं. लाईन, असेल तेव्हा. भिंतीवर खिळ्याला टांगलेलं कालनिर्णय एक. आणि घरात एक म्हातारं माणूस. आमच्याकडे आबा आहेत.

पायरी १ : घड्याळ तपासा

आधी कॉम्प्युटरला आज कोणता दिवस आहे ते ठाऊक आहे का, हे पाहा. मदरबोर्डावर बटणाएवढा एक सेल असतो. तो संपला, की लाईन गेल्यावर मशीन तारीख विसरतं आणि परत आल्यावर कुठलं तरी जुनंच साल सांगतं. सेल बदला.

मग देशाची वेळ निवडा. यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं लिहिलेलं सापडेल. मेहकर शोधू नका. भारताची वेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. आपण त्याच्या सुमारे सहा अंश पश्चिमेला, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य घड्याळापेक्षा सरासरी चोवीसेक मिनिटं उशिरा येतो. हे मी आबांना समजावलं. ते म्हणाले, “म्हंजे सूर्य बराबर हाये, घड्याळ पुढं पळून राह्यलं.” यापुढची चर्चा टाळा.

यादीत चुकून लंडन राहिलं असेल, तर सकाळी सहाचं रिमाइंडर हिवाळ्यात साडेअकराला वाजेल. तोवर गाय दुभून, दूध डेअरीवर जाऊन, रिकामी कॅन घरी आलेली असेल.

पायरी २ : तारीख घाला

सरावासाठी १२ जानेवारी घ्या. स्वामी विवेकानंदांची इंग्रजी तारखेची जयंती, राष्ट्रीय युवा दिन, आणि आपल्याच जिल्ह्यात सिंदखेड राजाला जिजाऊ जयंती. चुकवून चालणार नाही असा दिवस. चौकटीत लिहा : १२/०१.

ॲप अमेरिकेत जन्मलेलं असेल, तर ते आधी महिना वाचतं. रिमाइंडर १ डिसेंबरला वाजेल. गाडी ठरवून, फेटे बांधून सिंदखेड राजाला पोचाल आणि गर्दी कशी नाही म्हणून चकित व्हाल.

या चुकीचा स्वभाव समजून घ्या. १३/०१ लिहिलं की ॲप अडतं, कारण तेरावा महिना नसतो. एक ते बारा तारखांना मात्र ते मुकाट्याने उलटं वाचतं. मी हिशोब केला : बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस, म्हणजे १४४. त्यांतले १/१, २/२ असे बारा उलटे वाचले तरी सुलटेच. उरले १३२. वर्षातले एवढे दिवस ॲप तुम्हाला बिनबोभाट फसवू शकतं. तेरा तारखेपासून पुढे निदान भांडतं.

पायरी ३ : वेळ घाला

इथे फक्त आकडे चालतात. ‘सव्वा’, ‘पावणे’, ‘अडीच’ हे ॲपच्या शाळेत शिकवलेलं नाही. आबांनी सांगितलेल्या वेळा तर घालूच नका. त्या अशा असतात : झुंजूमुंजू झालं की, उन्हं कलली की, मेहकरची एसटी गेली की, दिवेलागणीला. दिवस लिहायचा असेल तर ‘परवा’ टाळा. आपल्याला बोलण्यावरून कळतं की परवा गेला की यायचाय. ॲपला बोलण्याचा सूर ऐकू येत नाही.

यानंतर एएम-पीएम. सर्वांत अवघड जागा बारा वाजताची. खरीप पीक विम्याची शेवटची तारीख बहुतेक वर्षी ३१ जुलै असते. त्या दिवशी दुपारी आठवण व्हावी म्हणून मी ‘३१ जुलै, १२:०० एएम’ लावलं. तीस तारखेला सगळे झोपलो आणि मध्यरात्री दुकानात घंटा सुरू झाली. चोर समजून आबा काठी घेऊन धावले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहिलं होतं, ‘विमा भरा.’ ध्यानात ठेवा : बारा एएम म्हणजे दिवसाचा जन्म, बारा पीएम म्हणजे दुपारचं जेवण.

पायरी ४ : तारीख रिकामी ठेवू नका

तारीख नंतर घालू म्हणून चौकट तशीच सोडलीत, तर काही ॲप तिथे शून्य धरतात. पुष्कळशा कॉम्प्युटरांचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिचची मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. ‘झेरॉक्सची शाई आणणे’ हे माझं काम या हिशोबाने माझ्या जन्माआधीपासून थकलेलं आहे. ॲप रोज लाल अक्षरांत विचारतं, अजून कसं झालं नाही? आबा तेवढे म्हणाले, “सत्तर साली मले सांगतलं असतं तं आणली असती.”

पायरी ५ : ‘दर वर्षी’ हे बटण दाबू नका

शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंदांचा जन्मोत्सव होतो तो तिथीने, पौष वद्य सप्तमीला. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद, वाढायला ट्रॅक्टर, जेवायला लाखोंची पंगत. २०२३ मध्ये सप्तमी १४ जानेवारीला आली. मी रिमाइंडर लावलं, ‘दर वर्षी’ दाबलं आणि निर्धास्त झालो.

२०२४ मध्ये ते १४ जानेवारीलाच वाजलं. मी पाहुण्यांना फोन केले, पाहुणे आले, सप्तमी होती २ फेब्रुवारीला. पाहुण्यांना वांग्याची भाजी घरीच करून वाढली. २०२५ मध्ये सप्तमी २१ जानेवारीला, म्हणजे ॲप आठवडाभर आधी. २०२६ मध्ये सप्तमी १० जानेवारीला होऊनही गेली, आणि चार दिवसांनी ॲपने घंटा वाजवून मला आठवण करून दिली.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. ते दर वर्षी अकरा दिवस मागे सरकतं आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे जातं. ॲपच्या यादीत ‘दररोज, दर आठवड्याला, दर महिन्याला, दर वर्षी’ आहे, ‘तिथीने’ नाही. तिथी आणि तारीख पुन्हा जवळपास जुळतात त्या एकोणीस वर्षांनी. त्यामुळे ‘दर १९ वर्षांनी’ असं घालता आलं, तर पुढची घंटा २०४२ मध्ये बरोबर दिवसाच्या आसपास वाजेल. तोवर कॉम्प्युटर मात्र नवा घ्या. जुन्या ३२ बिटच्या घड्याळांतले आकडे १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात आणि पुढच्या सेकंदाला ती १९०१ साल दाखवतात.

पायरी ६ : ‘तीस दिवसांनी’ची युक्तीही करू नका

मी हुशारी केली. शेगावला गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला, म्हणजे आपल्या सप्तमीनंतर बरोबर एका चांद्र महिन्याने. मी ‘तीस दिवसांनी’ असं रिमाइंडर जोडलं. २०२४ मध्ये २ फेब्रुवारीवरून ३ मार्च, बरोबर. २०२५ मध्ये २१ जानेवारीवरून २० फेब्रुवारी, बरोबर. मी गावभर शहाणपण सांगत फिरलो. २०२६ मध्ये १० जानेवारीवरून ९ फेब्रुवारी निघाली. प्रकट दिन ८ तारखेला होता. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो, आणि अर्धा दिवस घालायला ॲपमध्ये जागा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोटर चालू करायचं रिमाइंडर कसं लावू?*
शेतीची लाईन आलटून पालटून, कधी दिवसा, कधी रात्री. रिमाइंडर वाजेल तेव्हा लाईन नसेल. लाईन येईल तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. घरातला दिवा लागला म्हणून फसू नका, थ्री फेज वेगळी. शेजारच्या शेतातली मोटर ऐकू आली, तर तेच रिमाइंडर समजा.

*‘नंतर आठवण करा’ दाबलं तर?*
ॲप दहा मिनिटांनी विचारेल. पुन्हा दाबाल. काम होणार नाही, पण दिवसभर कामात असल्यासारखं वाटेल.

*आबांना सप्तमी कशी कळते?*
मी विचारलं होतं. म्हणाले, “अरे, रस्त्यानं वांग्याच्या गाड्या जाऊन राह्यल्या, दिसत न्हाई का तुले?”

पायरी ७ : अंतिम

आतापर्यंतची सगळी रिमाइंडरं पुसून टाका. एकच ठेवा. मजकूर : ‘कालनिर्णय पाहा.’ पुनरावृत्ती : दररोज. वेळ : सकाळी सात.

माझ्याकडून यातही एएमचं पीएम झालंय. रोज संध्याकाळी सातला घंटा वाजते, मी उठतो आणि खिळ्यापाशी जातो. आजचा दिवस तोवर सरलेला असतो, म्हणून उद्याची तिथी वाचून ठेवतो. बदलायचं आहे, पण त्यासाठी पुन्हा वेळेच्या चौकटीत जावं लागेल.