प्रयोगशाळा परिचर, ऊर्फ मामा

प्रयोगशाळा परिचर हा विज्ञान महाविद्यालयातला चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी. टेबले पुसणे, काचेची भांडी धुणे, उपकरणे मांडणे, ती परत कपाटात ठेवणे आणि कुलूप लावणे ही त्याची कागदावरची कामे. हिंगोली, बसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, जिल्ह्यात कुठेही जा, तो भेटतो, आणि सगळीकडे त्याला मामाच म्हणतात. प्राचार्य मामा म्हणतात, पहिल्या वर्षाचे लेकरूही मामा म्हणते. खरे नाव फक्त सेवापुस्तकाला ठाऊक असते.

नमुना म्हणून निवृत्तीला टेकलेल्या पिढीतला मामा घ्यावा. तो नोकरीला लागला तेव्हा गाव परभणी जिल्ह्यात होते आणि विद्यापीठ औरंगाबादला. 17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे बसायचे स्टूल जागचे न हलवता मामांनी विद्यापीठही बदलले आणि जिल्हाही. त्यांच्यापुरता फरक एवढाच पडला की प्रात्यक्षिक परीक्षेचे बाहेरचे परीक्षक नांदेड, परभणी, लातूर एवढ्या टापूतूनच येऊ लागले. कोणाला जेवणात ठेचा चालतो आणि कोणाला ॲसिडिटी आहे, हे पाठ करणे सोपे झाले.

मामांच्या वर प्रयोगशाळा सहायक, त्याच्या शेजारच्या इमारतीत कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, मुख्य लिपिक आणि सर्वांवर कार्यालयीन अधीक्षक, म्हणजे ओएस साहेब. या सगळ्यांच्या सेवाशर्ती 1984च्या प्रमाण संहितेत लिहिलेल्या आहेत. संहिता ओएस साहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणात असते. ती बाहेर निघाली की कोणाची तरी रजा नामंजूर होणार, हे शिपायालाही कळते.

मामांचे खरे ज्ञान उपकरणांच्या स्वभावाचे. सोडियमचा दिवा लावल्याबरोबर पिवळा होत नाही. आधी गुलाबीसर उजेड देत तापतो. म्हणून सर वर्गात हजेरी घेत असतानाच मामा इकडे दिवा लावून ठेवतात. गॅल्व्हानोमीटरचा काटा अडकला तर काचेवर नेमकी कुठे टिचकी मारायची, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. स्पेक्ट्रोमीटरचा एक पाय आखूड असतो, त्याखाली लग्नपत्रिकेची दुमडलेली घडी असते, आणि ती घडी कोणी झाडून टाकली तर तिसऱ्या वर्षाची अख्खी तुकडी प्रिझमचा कोन काढता काढता संध्याकाळ करते. तासिका तत्त्वावर नुकतेच लागलेले सर नेट-सेट झालेले असतात, काहींची पीएचडीही झालेली असते. रीओस्टॅटला हात लावण्याआधी तेही मामांकडे पाहतात. मामा एवढेच म्हणतात, "राहू द्या सर, ते तुमच्यावर रुसलंय." मग स्वतः दोन स्क्रू फिरवतात आणि काटा चालू लागतो. संत नामदेवांना कीर्तनासाठी मागे जायला सांगितले तेव्हा औंढ्याचे देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी या भागातली श्रद्धा आहे. देवळाचे जाऊ द्या. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीचे चाक मामांकडे फिरते, हे तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीने पाहिलेले आहे.

याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने 2016मध्ये तत्त्वतः आणि 2023मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांसह अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपून गुरुत्वीय लहरी ओळखायच्या, असा तो बेत आहे. ही बातमी प्रयोगशाळेत वाचून दाखवली जाते तेव्हा मामांना लहरींचे नवल वाटत नाही. त्यांचा प्रश्न साधा असतो: "एवढ्या मोठ्या नळीतली धूळ कोण पुसणार?" प्रश्न हसण्यावारी नेला जातो. त्या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी ठेवण्यासाठी जी स्वच्छता पाळावी लागते, ती पाहता तिथल्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पहिल्या दिवसापासून पडलेला असणार.

रसायनशास्त्राच्या बाजूचे मामा जरा वेगळे, अंगाला वास असलेले. किपच्या उपकरणातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तो वर्षानुवर्षे शर्टात मुरतो. परीक्षेच्या दिवशी कुठल्या क्रमांकाच्या पुडीत कुठला क्षार आहे, हे सहायकाला माहीत असते, परीक्षकाला माहीत असते आणि मामांना माहीत नाही असे सर्वांनी धरलेले असते. मामा कोणाला काही सांगत नाहीत. फक्त घाबरलेल्या पोरीच्या टेबलाजवळून बादली घेऊन जाताना पुटपुटतात, "निळं दिसायलंय म्हणजे निळंच असंल की." पोरगी कॉपर लिहिते. अनुमापनाच्या वेळी ब्यूरेट धाडधाड सोडणाऱ्या पोराला ते म्हणतात, "नवाच्या पुढं थेंब थेंब." पोराचे वाचन 9.8 येते, शेजाऱ्याचेही 9.8 येते, आणि मग सगळ्या तुकडीचे 9.8 येते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात परीक्षा आणि पाणीटंचाई बरोबरच येतात. कयाधूचे पात्र कोरडे, नळाला पाणी नाही, टँकरची वाट पाहणे चालू. ऊर्ध्वपातनाचे यंत्र बंद ठेवून मामा शंभर परीक्षानळ्या दोन बादल्यांत धुतात. पहिल्या बादलीत कोणत्या नळ्या आणि दुसरीत कोणत्या, हा क्रम चुकला तर क्लोराइड नसलेल्या प्रत्येक क्षारात क्लोराइड सापडते.

प्राणिशास्त्राच्या मामांचा सुवर्णकाळ मागे पडला. पूर्वी पावसाळ्यात पोते घेऊन बेडूक आणणे ही त्यांची मक्तेदारी होती आणि ओढ्याकाठची पोरे त्यांना शिकाऱ्यासारखा मान देत. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन थांबवायला सांगितल्यापासून बेडूक सुटले आणि मामा फॉर्मलिनच्या बरण्यांवरची लेबले पुसत बसले.

प्रयोगशाळा सहायकाचे सामर्थ्य रजिस्टरांत. फुटतुटीचे रजिस्टर रोजचे. डेडस्टॉक रजिस्टर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यात नोंदलेली वस्तू कधी मरत नाही. पहिल्या प्राचार्यांच्या काळातली पितळी तराजू, तिची वजने, वजनांची लाकडी पेटी, पेटीची चिमटी, सगळे कागदावर जिवंत. प्रत्यक्षात पेटीत उरलेले असते दोन ग्रॅमचे एकच वजन, आणि दरवर्षीच्या पडताळणीला समिती त्यालाच पाहून सही करते. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा, असे दरवर्षी ठरते. प्रस्ताव पाठवला तर इतकी वर्षे काय पाहून सही केली, असा प्रश्न येईल, म्हणून तो पाठवला जात नाही. नॅकची समिती यायची तेव्हा हेच रजिस्टर नव्या निळ्या कव्हरात समोर ठेवायचे आणि मामांना पांढरा कोट मिळायचा. समिती गेली की कोटाचीही डेडस्टॉकला नोंद व्हायची.

कार्यालयाबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण तिथले उत्तर बहुतेक एकच असते: सर्व्हर डाऊन आहे. शिष्यवृत्तीचा बाबू खिडकीपुढच्या पन्नास पोरांना ते शांतपणे सांगतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा ते खरेही असते. पगारबिलाचा बाबू महिनाभर कोणाच्या खिजगणतीत नसतो. बिल नांदेडला सहसंचालक कार्यालयात जायची तारीख जवळ आली की विभागप्रमुख त्याला चहाला बोलावतात, तेही स्वतः येऊन. भरती अडून राहिल्याने एका बाबूकडे तीन टेबले असतात. पाहिजे तो कागद नेहमी चौथ्या टेबलावर असतो.

मामांच्या बढतीचे गणित या सगळ्यात अवघड. चतुर्थ श्रेणीत निवृत्ती 60व्या वर्षी, तृतीय श्रेणीत 58व्या. मामांना सहायक करायचे पत्र नेमके सत्तावन्नाव्या वर्षी येते. घेतले तर पगार थोडा वाढतो, खुर्ची मिळते आणि दोन वर्षांची नोकरी जाते. घरी मुलाच्या बीएडची फी, शेतात हळदीला लावलेले पैसे. मामा पत्र घेऊन ओएस साहेबांकडे जातात. संहिता खणातून निघते. दोघे मिळून बोटांवर हिशोब करतात आणि मामा नकार लिहून देतात. मधल्या काळात 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम बदलतो, पेपरांची नावे बदलतात. मामा कपाटावरची चिठ्ठी बदलतात. आतली मीटर ब्रिज तीच असते.

साठाव्या वर्षी चार्ज देण्याची वेळ येते. यादीत चाव्या 41, प्रत्यक्षात 43. उरलेल्या दोन कोणत्या कुलपांच्या, हे मामांनाही सांगता येत नाही, म्हणून त्यांचीही नोंद होते: "चावी, नग दोन, कुलूप आढळले नाही." जागा भरायला परवानगी नसते. भौतिकशास्त्राचा कार्यभार वनस्पतिशास्त्राच्या मामांकडे अतिरिक्त म्हणून दिला जातो, आणि पहिल्याच आठवड्यात ते स्पेक्ट्रोमीटरखालची लग्नपत्रिका कचरा समजून झाडून टाकतात.