चित्र दोन पानी, मजकूर दोन ओळी

पदरचे पैसे घालून काढलेल्या प्रवासचित्रांच्या पुस्तकात, म्हणजे लेखक, छायाचित्रकार आणि प्रकाशक जिथे एकाच देहात नांदतात तिथे, मजकुराच्या वाट्याला बहुधा छायाचित्राने उरवलेली जागा येते. भातकुलीच्या जैन मंदिराचे शिखर दोन पानांवर पसरवले की ते बांधणीच्या घडीत, अर्थात पाने शिवली जातात त्या खाचेत, निम्मे गडप होते. आणि खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खाऱ्या भूजलाचा प्रदेश, छायाचित्रात कोणत्याही काळ्या रानासारखाच दिसत असल्याने, पाण्याची ती खारट कहाणी निळ्या आभाळावर पांढऱ्या, बारीक टायपात, वाचली जाणार नाही अशा बेताने छापली जाते. १८५८ चा झाशीचा वेढा पाहणाऱ्या गोडसे भटजींजवळ ड्रोन नव्हता, त्यामुळे ‘माझा प्रवास’मध्ये त्यांना तो बिचाऱ्यांना लिहूनच काढावा लागला.