फोर्ट बघायचाय? आधी गुडघ्यांवर बसा

पाच वर्षांच्या पोराला ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ सांगू नका. त्याला ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. रविवारी सकाळी सीएसएमटीसमोर उभं राहिलं की हा प्रकार हमखास दिसतो. बाबा मोबाइलवरून वाचून दाखवत असतात : वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, १८७८ साली काम सुरू, १८८७ साली पूर्ण, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. सगळं बरोबर. पोरगं मात्र केव्हाच कबुतरांमागे पळालेलं असतं. मग त्याला दंडाला धरून परत आणायचं आणि वर सुनवायचं, ‘तुला कशातच इंटरेस्ट नाही!’

त्याला भरपूर इंटरेस्ट आहे. तुम्ही दाखवताय ते चुकतंय.

मोबाइल खिशात घाला आणि फाटकाशी जा. दोन खांब आहेत. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. भाचीला तिथं नेलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘मामा, यांची भांडणं झाली का?’ झाली, म्हटलं. खूप वर्षं चालली. शेवटी सिंहाला घरी जावं लागलं. ‘मग स्टेशन कुणाचं?’ वसाहतीच्या इतिहासातला सगळ्यात अवघड प्रश्न तिनं फाटकाशीच विचारला. मी तिला भिंतीवरची नक्षी दाखवली. माकडं, मोर, पानं, फुलं. या कोरीवकामात आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आराखडा साहेबाचा, घाम इथला. एवढं तिला पुरलं. त्यानंतर बराच वेळ ती मान वर करून माकडं शोधत होती आणि मी गप्प उभा होतो. मुलं स्वतःहून बघत असतात तेव्हा मोठ्यांनी बोलू नये, हा फोर्ट दाखवण्याचा पहिला नियम मानावा.

दुसरा नियम, सगळं दाखवायचा अट्टहास नको. सीएसएमटी ते काळाघोडा हे अंतर मोठ्यांना किरकोळ वाटतं, चार वर्षांच्या पायांना नाही. दोन ठिकाणं बघा आणि घरी या. एशियाटिकच्या पायऱ्या चढू-उतरू द्या, हव्या तितक्या वेळा. १८३३ सालच्या या टाउन हॉलबद्दल मुलांना पायऱ्यांपलीकडे काही कळलं नाही, तरी बिघडत नाही. समोर हॉर्निमन सर्कलची बाग उघडी असली तर तिथं बसून डबा खा. शेअर बाजाराला इमारत मिळण्याआधी दलाल याच परिसरात वडाखाली जमून सौदे करायचे, हे सांगितलंत तर मुलं प्रत्येक झाडाकडे संशयानं बघतात. हॉर्निमन कोण तेही सांगा. इंग्रज असून ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधून इंग्रज सरकारवर तुटून पडणारा संपादक. गोरा तेवढा वाईट, असं सोपं गणित मुलांच्या डोक्यात बसत असेल तर ते इथंच मोडतं.

हुतात्मा चौकात मात्र माझा राग आवरत नाही. १८६४ सालच्या फ्लोरा फाउंटनसमोर मुलांना उभं करून फोटो काढायचे आणि शेजारी मशाल धरून उभ्या असलेल्या शेतकरी-कामगाराकडे मान वळवायची नाही? मराठी आईबापांनी? १९५५ च्या नोव्हेंबरात याच चौकात गोळीबार झाला, माणसं पडली. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला तो त्या लढ्यातून. लहान मुलांना रक्त आणि गोळ्या सांगायची गरज नाही. ‘आपलं शहर आपल्याला मिळावं म्हणून माणसं इथं उभी राहिली,’ एवढं एक वाक्य पुरे. तेवढंही सांगायचं नसेल तर मुलांना फोर्टात आणलंत कशाला?

काळ्या घोड्याचं काम सोपं आहे. आता घोडा आहे, स्वार नाही. मुलं लगेच विचारतात, राजा कुठाय? सातवा एडवर्ड १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. हा बिनस्वाराचा नवा घोडा २०१७ साली आला. पुढच्या सुट्टीत पेंग्विन बघायला जाल तेव्हा राजालाही भेटून या. दोन सहली आपोआप जोडल्या जातात.

हे झालं आईबापांचं. आता कारभाऱ्यांकडे वळतो.

भुयारी मेट्रो हुतात्मा चौकात आली, उत्तम झालं. बाबागाडी लिफ्टनं जमिनीखालून अलगद वर येते. आणि वर आल्यावर? फुटपाथची कड गुडघाभर, मधे उखडलेला पेव्हर ब्लॉक, पुढे लावून ठेवलेली मोटारसायकल. बाबागाडी पोरासकट उचलायची आणि गाडीरस्त्यावरून चालायचं. दादाभाई नवरोजी रस्त्याच्या कमानी बांधल्याच होत्या पायी चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये म्हणून. शतकापूर्वी नुसत्या चालणाऱ्याचा एवढा विचार झाला, आणि आज त्याच कमानींखाली आईला बाबागाडी ढकलता येत नाही.

आणि शू. फोर्टात मूल ‘मला लागली’ म्हणालं की वारसा-बिरसा संपला. स्वच्छ, उघडं, लहान मूल बसू शकेल असं शौचालय रविवारी शोधून दाखवा. बाहेर खाल्लं नाही तर हॉटेलवाला आत सोडेलच असं नाही. मग एखाद्या झाडाचा आडोसा, आणि आईची मान खाली. इमारतींवर रंगीत रोषणाई करायला पैसे असतात, यालाच का नसतात?

मिंट रोडला रतनसी मूळजी जेठा यांची पाणपोई आहे. कापसाचा हा व्यापारी. मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी बापानं १८९० च्या दशकात दगडी पाणपोई बांधली. आराखडा सीएसएमटीच्याच स्टीव्हन्सचा. माथ्यावर मुलाचा पुतळा. मुलांना फोर्टातली एकच गोष्ट दाखवायची म्हटलं तर मी ही दाखवीन. गेलेल्या लेकाच्या नावानं बापानं येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान भागवली, हे सहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावं लागत नाही.

मुंबईतल्या काही जुन्या पाणपोयांची अलीकडे डागडुजी झाली, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण पाणपोई चकचकीत करून भागत नाही, तिला पाणी हवं. फोर्टातली प्रत्येक पाणपोई वाहती करा, आणि एक नळ असा ठेवा की चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल. दर दोन चौकांमागे एक शौचालय, रविवारी उघडं. फुटपाथच्या प्रत्येक टोकाला उतार. रोषणाईचं टेंडर त्यानंतर काढा.